आधी जेवणाऱ्या दोघी

मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात एकदा 'सामाजीकरण' हा शब्द वाचला. समाजाच्या रीती माणसात लहानपणापासून कशा मुरतात, याचं पानंच्या पानं वर्णन होतं. मला हसू आलं. हा धडा मी पोटानं शिकले होते.

साठच्या दशकात लग्न होऊन मी बेळगावहून बेंगळूरला, चामराजपेठेतल्या घरी आले. कित्येक पिढ्या तिथंच मुरलेलं मराठी घर. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत, सासूबाईंना अक्का. अण्णांची पूजा नऊच्या सुमाराला आटपे. मग नैवेद्य, मग पुरुषांची पानं, आणि दुपारी कधीतरी आम्हा बायकांची. हे मला कुणी सांगितलं नाही. माहेरीही असंच होतं, त्यामुळे आधी जेवावं असं कधी मनातच आलं नव्हतं.

मनात आलं ते नोकरी लागल्यावर. रेडिओच्या एका कारखान्यात बायकांना घेत होते. बारीक तारा जोडायच्या, हात स्थिर हवा. कारखान्याची बस सकाळी सातला कोपऱ्यावर यायची. अण्णांनी परवानगी दिली, पण घरची रीत मोडायची नाही असं बजावून. म्हणजे नैवेद्याआधी अन्न नाही, आणि बाहेरचं शिजवलेलं तर नाहीच नाही. मी कॉफी पिऊन निघायची ती संध्याकाळी घरी येऊनच जेवायची. दुपारी कामावर हात थरथरायला लागायचा. सुपरवायझरबाई चांगल्या होत्या, पण एक दिवस माझं काम दिव्याखाली धरून म्हणाल्या, "या महिन्यात हात बसला नाही, तर तुला कायम करा असं मी कोणत्या तोंडानं सांगू?" रडू आलं नाही, संताप आला. हात माझा चांगलाच होता. उपाशी होता, एवढंच.

त्या संध्याकाळी अक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सरळ सांगून टाकलं, "उद्यापासून मी जेवून जाणार."

"अण्णांना विचारून बघू," नवरा म्हणाला.

"विचारायचं नाही. सांगायचं."

त्यानं वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं. नवरा भला होता, फक्त अशा वेळी त्याला बातम्या फार महत्त्वाच्या वाटत. अक्का खडे वेचत राहिल्या. त्या माझ्या बाजूच्या की विरुद्ध, मला कळेना. कुणाच्याही असोत, मी जेवणार होते.

सकाळी भात टाकायला उठले, तर अक्का आंघोळ करून सोवळ्यात. भात झालेला, सार उकळतंय, देवापुढं नैवेद्याची वाटी त्यांनी स्वतःच ठेवलेली. त्यांनी दोन पाट मांडले, दोन ताटं वाढली. मला वाटलं, दुसरं ताट नवऱ्याचं. तेवढ्यात त्या स्वतःच माझ्या शेजारी बसल्या.

अण्णा आंघोळ करून पूजेला निघाले होते. दारातच थबकले. "हे काय चाललंय?"

"जेवतोय की," अक्का म्हणाल्या.

"माझ्या आधी?"

माझा घास तोंडातच राहिला. अक्कांचा आवाज मात्र नेहमीसारखाच होता. "तिची बस येते. ती एकटी जेवली असती तर तुम्ही तिची चूक म्हटली असती. आता दोघी जेवतोय. ही या घरची रीतच समजा."

अण्णा वळून देवघरात गेले. त्या दिवशी घंटा जरा जोरातच वाजली.

मी भराभर जेवले. हात धुवायला उठताना अक्कांच्या ताटाकडं लक्ष गेलं. भात होता तसाच होता. एक लहानसा घास त्या बोटांत धरून बसल्या होत्या. त्या स्वतः या घरात सून म्हणून आल्यापासून इतक्या सकाळी कधीच जेवल्या नव्हत्या.

"जेवा ना, अक्का."

"भूकच लागत नाही गं या वेळेला. लागायचीच विसरलीय." कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजला. "सरी," त्यांनी कानडीत 'बरं' म्हटलं, "पळ तू. मी रोज बसणार आहे इथं. लागेल हळूहळू."