पडद्याच्या दांडीची गुढी

परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, फॉर्म भरून भरून डोकं फुटायची वेळ आलीय," आणि मागून तुझा भाऊ ओरडला, "हिच्याशी बोलू नकोस गं, ही हल्ली चावते." फोन ठेवल्यावर मी कपाटातून जुन्या रोजनिश्या काढल्या. त्यांत हॉलंडच्या एका हिवाळ्याची वही आहे. तू तेव्हा मेलबर्नला नुकती रांगायला लागली होतीस आणि भावाचा अजून पत्ताच नव्हता, म्हणून तुम्हा दोघांना ही हकिगत ठाऊक नाही. वाचताना अडलात तर बाबाला विचारा. त्याचं मराठी मीच पक्कं करून घेतलंय.

त्या वर्षी संक्रांतीच्या आठवडाभर आधी मी तुमच्या आत्याकडे आइंडहोवनला गेले. तीन महिन्यांचा व्हिसा, एका पिशवीत तिळाचे लाडू, आणि पाडवा तिथेच येणार म्हणून साखरेची गाठी आणि वाळवलेली कडुलिंबाची पानं. तुमच्या आत्याचे यजमान तिथे चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत होते. पुणं सोडून त्यांना दोन वर्षं झाली होती. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे तुमची आतेबहीण, आपली मोठी, तेव्हा सतरा वर्षांची होती. अमेरिकेतल्या एका बायकांच्या कॉलेजात जाऊन फिजिक्स शिकायचं तिने ठरवलं होतं. आणखी दोन कॉलेजांना अर्ज होते, पण ते नावापुरते. जीव या एकात अडकला होता, आणि तो अर्ज पाठवायला आठ दिवस उरले होते.

विमानतळावर ती मला नमस्कार करायला वाकली तेव्हा मी तिचे हात धरले. दहाच्या दहा नखं खाऊन साफ.

"हे काय गं?"

"ॲप्लिकेशन," ती म्हणाली. पोरीला ताप आल्यावर आईने "फ्लू" म्हणावं, तशा सुरात.

घरी पोचल्यावर मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे माझ्या खोलीला पडदा लावून घेतला. त्या देशात खिडक्या भिंतीएवढ्या आणि पडदे ओढायची पद्धत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला तुमच्या ताटातली भाजी दिसते. आम्हाला काही लपवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मला लपवायचं होतं. जावयांनी बिचाऱ्यांनी त्याच दिवशी दुकानातून लांब लाकडी दांडी आणून माझा पडदा लावून दिला. दुसरी गोष्ट, मी एक तक्ता आखला आणि फ्रिजवर चिकटवला: कोणता कागद, कुणाकडून यायचा, कधीपर्यंत. सहा दिवसांत सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा झाल्या. एकच चौकोन रिकामा राहिला, निबंधाचा. विषय होता: बायकांचंच कॉलेज का?

आता तुम्हाला ठाऊक आहे की मी मुलींच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि स्वतः मुलींच्याच कॉलेजात शिकले. हा विषय जणू माझ्यासाठीच काढला होता. मी म्हटलं, "आण इकडे, नुसतं बघते." लाल बॉलपेन माझ्या पर्समध्ये असतंच.

नुसतं बघता बघता मी तिची दोन पानं लाल केली. वाक्यं सरळ केली, शिक्षणाच्या ध्येयावर एक परिच्छेद घातला, आणि मधला एक परिच्छेद, मला तो तक्रारीसारखा वाटला म्हणून, आडवी रेघ मारून काढून टाकला. मोठीने ते मुकाट्याने टाइप केलं, छापलं, आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं.

"फारच छान आहे," जावई म्हणाले. "फक्त आई, हे वाचून ते तुम्हालाच बोलावतील."

"स्कॉलरशिपसकट," तुमची आत्या म्हणाली.

मीही हसले, पण मोठी हसली नाही. ती म्हणाली, "आजी, मी लिहिलेलं एकच खरं होतं. तेच तू काढलंस."

मी चष्मा लावून तो रेघ मारलेला परिच्छेद पुन्हा वाचला. तिने लिहिलं होतं की शाळेच्या प्रयोगशाळेत तिच्या गटात ती आणि दोन मुलगे असतात. मुलगे यंत्र हाताळतात आणि ती आकडे लिहून घेते. कुणी तिला मुद्दाम बाजूला सारत नाही, सगळे तिच्याशी चांगलेच वागतात. तिचं अक्षर सुंदर आहे, म्हणून वही आपोआप तिच्याकडे येते. दोन वर्षांत तिने एकही प्रयोग स्वतःच्या हाताने केलेला नव्हता. आणि शेवटचं वाक्य होतं: जिथे वही लिहायला दुसरंही कुणी बसेल अशा ठिकाणी मला एकदा जायचं आहे.

ते सुंदर अक्षर कुणी घोटून घेतलं होतं, ते तुम्हाला सांगायला नको. दर मे महिन्याच्या सुट्टीत, पुण्याला, रोज एक पान. तुमच्या बाबानेही ती पानं भरलेली आहेत, विचारा त्याला.

लाल बॉलपेन खोडरबराने पुसलं जात नाही. मी तो कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "तुझाच पाठव. फक्त तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम हवाय, तेवढा घालते."

"घाल," ती म्हणाली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली.

अर्ज गेला. मला वाटलं, सुटलो. पण खरा ताण पुढेच होता. उत्तर येणार मार्चअखेरीला, म्हणजे पुढचे अडीच महिने नुसती वाट बघणं. आणि वाट बघणाऱ्या घरात दुसरा विषय नसतो. डाळीला फोडणी घातली तरी तिथून कॉलेज निघे. तिच्या शाळेत दहापैकी आठ मार्क मिळाले की शिक्षक पाठ थोपटत. त्यांच्यात म्हणतात, दहा देवाचे आणि नऊ मास्तरांचे. पण जावई पुण्याचे. ते रोज विचारत, "उरलेले दोन कुठे गेले? अमेरिकेत आठाला काय समजतील?" मोठी जेवता जेवता उठून जाई.

शेवटी मी नियम केला. जेवणाच्या टेबलावर 'कॉलेज' हा शब्द उच्चारायचा नाही. जो उच्चारेल तो सगळ्यांची भांडी घासेल. पहिल्या आठवड्यात जावयांनी पाच दिवस भांडी घासली. मग मोठीनेच तोड काढली. कॉलेजला ती 'अमेरिकेची मावशी' म्हणू लागली.

"मावशीचं काही आलं का हो?" जावई ताट वाढून घेता घेता विचारत.

"मावशी मार्चशिवाय तोंड उघडत नाही, बाबा."

"मावशीला आपलं स्थळ पसंत पडलं म्हणजे मिळवली."

"बाबा, भांडी!"

"मी कुठे कॉलेज म्हणालो?"

"आता म्हणालात!"

असं हसत-खेळत चाललं होतं खरं, पण नखं काही वाढत नव्हती.

तिथे दाराला फट असते आणि पोस्टमन पत्रं त्यातून आत टाकतो. मार्च लागला तशी मी सकाळी आवरून दारापाशी खुर्ची टाकून बसू लागले. मोठीने सांगून ठेवलं होतं: जाड पाकीट म्हणजे हो, पातळ म्हणजे नाही. समोरच्या घरात एक उंच, निवृत्त बाई राहत. त्याही त्याच वेळी फुटपाथ झाडायला येत. मग आमचं इंग्रजीतून बोलणं होई. मी कशाची वाट बघते हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं, आणि मग त्या रोज झाडू उभा धरून हाक मारत, "अजून नाही?" मी मान हलवत असे. तर असा हा विषय मी घरात बंद केला आणि रस्त्यावर मोकळा सोडला.

पाडव्यापर्यंतही उत्तर आलं नव्हतं.

गुढी तर उभारायलाच हवी. पण काठी कुठली? जावई घरभर फिरले आणि शेवटी माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. "आई, तुमच्या पडद्याची दांडी जरा..." मी दिली. सणाला नाही म्हणता येत नाही. दांडीला तुमच्या आत्याचा खण, गाठी, माझी वाळकी पानं, आणि वर तांब्याचा गडू पालथा. हॉलंडचा वारा असा की दोनदा गडू खाली आला. मग मोठीने सायकलच्या कॅरिअरचा रबरी पट्टा काढून आणला आणि तो आवळून बांधला. वरच्या मजल्याच्या खिडकीतून गुढी रस्त्यावर झुकली. दिसत होती मात्र झकास.

श्रीखंड वाढत होतो, तेवढ्यात घंटा वाजली. दारात समोरच्या बाई, त्यांचे यजमान, आणि ट्यूलिपच्या फुलांचा भला मोठा गुच्छ. बाईंनी माझ्या गालांना तीनदा गाल लावले आणि म्हणाल्या, "नातीबद्दल तुमचं अभिनंदन!" मग तुमच्या आत्याला, "मुलीबद्दल अभिनंदन!" मग जावयांना. तिथे एकाचं काही चांगलं झालं की घरातल्या सगळ्यांचंच अभिनंदन करतात. तिन्ही गाल होईपर्यंत कुणाला मध्ये बोलायला वावच नव्हता. शेवटी त्या मोठीसमोर गेल्या आणि फुलं तिच्या हातात दिली.

"आम्हाला खिडकीतून दिसलं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे मूल शाळा पास झालं की घराबाहेर झेंडा लावतात आणि काठीच्या टोकाला त्याचं दप्तर टांगतात. तुमच्याकडे भांडं टांगतात वाटतं. मी यांना लगेच म्हटलं, आलं बघा पत्र!"

मोठीचा चेहरा पांढरा पडला. तुमच्या आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी श्रीखंडाकडे.

"पत्र आलं नाही अजून," मोठीच बोलली. "आज आमचं नवीन वर्ष आहे."

मला वाटलं, आता बाई बिचाऱ्या ओशाळतील. पण तिथली माणसं ओशाळत नाहीत. त्या म्हणाल्या, "मग मी घाई केली. पण फुलं परत नेणार नाही. ती तुझीच." आणि लगेच, हवा-पाणी विचारावं तसं विचारलं, "आणि नाही म्हणाले तर?"

तीन महिने आम्ही चौघं त्या घरात राहत होतो. तक्ता केला, नियम केला, मावशी केली. हा प्रश्न एकानेही तिला विचारला नव्हता. तिचा बांध फुटेल या भीतीने आम्ही तो शब्दसुद्धा ओठांवर येऊ दिला नव्हता.

मोठी फुलांकडे बघत होती. मग म्हणाली, "मग दुसऱ्या कॉलेजात जाईन. पण यंत्र मीच हातात घेणार. वही दुसऱ्याला देईन."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "हे पिवळं गोड आहे का?"

त्यांनी दोनदा श्रीखंड घेतलं. त्यांच्या यजमानांनी तीनदा घेतलं. ते गेल्यावर मोठीने फ्रिजवरचा माझा तक्ता काढून पाठीमागे काहीतरी लिहिलं आणि पुन्हा लावला. 'नाही आलं तर' असं वर लिहून खाली पाच ओळी होत्या. त्या रात्री जेवताना ती स्वतःच चार वेळा 'कॉलेज' म्हणाली आणि भांडी घासायला उठलीसुद्धा. मी नियम मागे घेतला.

आठवड्याने, माझ्या परतीला दोन दिवस राहिले असताना, मी वर बॅग भरत होते. कपड्यांच्या घड्या घालण्याच्या नादात घंटा ऐकू आली नाही. जाड पाकीट दाराच्या फटीत मावत नाही, आणि अशी टपालं तिथला पोस्टमन शेजारी देऊन जातो. तेव्हा उत्तर आमच्या आधी समोरच्या बाईंच्या हातात पडलं. त्या रस्ता ओलांडून आल्या आणि पाकीट दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"मी या वेळी काही बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "बघा, एक शब्द नाही."

मोठी चारला यायची होती. दुसऱ्याचं टपाल फोडायचं नाही हा नियम मीच तुमच्या बाबाला आणि आत्याला लावून दिलेला. पण वजन करायचं नाही असा काही नियम नव्हता. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. पाव किलोच्या वर भरलं. मग देवापाशी ठेवलं आणि शेजारी खुर्ची टाकून चार वाजेपर्यंत बसले. उरलेलं पॅकिंग तसंच राहिलं, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

मोठीने ते बूटसुद्धा न काढता फोडलं. पहिली ओळ वाचली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग डोकं वर करून म्हणाली, "आजी, तुझी दांडी दे."

पडद्यासकट दांडी निघाली. तिने शाळेचं दप्तर, आतली वह्या-पुस्तकं माझ्या पलंगावर ओतून, टोकाला टांगलं आणि त्याच रबरी पट्ट्याने आवळलं. समोरच्या बाई आपल्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी वर पाहून टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यावरची दोन माणसं सायकलवरून उतरून माझं अभिनंदन करून गेली. ती कोण होती हे मला अजून माहीत नाही.

तेव्हा तुझ्या फॉर्मांबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे. तक्ता कर, तो लागतोच. तुझं लिखाण मला पाठवलंस तर मी फक्त स्वल्पविराम बघेन. आणि 'नाही म्हणाले तर?' हे आत्ताच, भर दुपारी, कुणीतरी तुला विचारायला हवं, म्हणून मी विचारते आहे. उत्तर सावकाश कळव.

माझे तिथले शेवटचे दोन दिवस बिनपडद्याच्या खिडकीत गेले. मी साड्यांच्या घड्या घालायची आणि रस्त्यावरून जाणारी माणसं वर बघून हात करायची. मीही करत होते.