बेटावरची अंडी

मी चौथी शिकलेली बाई. भुताखेताचं कुणी सांगू लागलं की मी तिथून उठते. चिकलठाण्याच्या घरी सून तसल्या मालिका लावते, तेव्हा मी पोळ्या लाटायला जाते. तरी हे लिहिते आहे... एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही म्हणून.

आमचं गाव जायकवाडीच्या पाण्यात गेलं. मेंढ्या विकल्या. चराईची टेकडी तेवढी पाण्याबाहेर राहिली, तिचं बेट झालं. सासूला त्याच टेकडीवर मूठमाती दिलेली.

दहाएक वर्षांपूर्वी राधिका नावाची कॉलेजातली मुलगी तिथं पक्षी मोजायला आली. नदी सुरय म्हणून पांढरे पक्षी असतात, उघड्या मातीवर अंडी घालतात. पाणी कमीजास्त झालं तर ते कुठं सरकतात, हे तिला लिहायचं होतं. दोन वर्षांचं काम. मी भाकरी करायला सोबत. तंबूत आम्ही दोघीच. नाव आम्हाला तिथं सोडून परत जायची.

काठाला एकोणीस घरटी होती. प्रत्येकाशेजारी तिनं नंबराची काडी रोवली होती. चौथ्या सकाळी बघतो तर काड्या जागेवर, अंडी गायब.

ती माथ्यापर्यंत पळत गेली, मी मागून हळूहळू. तिथं सगळी अंडी गोल मांडलेली, आणि पक्षी त्यांच्यावर बसलेले! एक पक्षी उडाला. अंड्यांखाली काळ्या लोकरीचा गोळा.

"आजी, तुम्ही केलं हे?"

"मी? मला चुलीपुढून उठायला हात द्यावा लागतो तुला."

"मग कुणी? इथं आहे कोण दुसरं? हलवलेलं घरटं मोजता येत नाही, आजी. माझं सगळं काम गेलं!"

मला सासू आठवली. पाणी चढणार असं वाटलं की सासू कोकरं आधी वर न्यायची, गोल ठेवायची, प्रत्येकाखाली काळ्या लोकरीचा गोळा घालायची. बाकीचे मेंढके हसायचे तिला. तसं दुसरं कुणी करत नव्हतं. आणि त्या टेकडीवर चाळीस वर्षांत मेंढरू चढलेलं नव्हतं.

मी राधिकाचा हात धरला.

"सामान बांध. नाववाल्याला फोन लाव."

"उन्हाळ्यात पाणी उतरतं आजी, चढत नाही."

"बांध म्हणते ना!"

फोनवर उस्मानभाई हसला. "अम्मा, आसमान साफ है. कायको घाबरते?"

"येतोस का तुझ्या आईला फोन लावू?"

"आता हूं, आता हूं."

राधिका रागानं सामान भरू लागली. मी काठाच्या काड्यांकडं बघत बसले. पहिली काडी भिजली... मग दुसरी. वर कुठंतरी अवकाळी झाला होता म्हणे. दुपारी नाव लागली तेव्हा तंबूच्या जागी गुडघाभर पाणी होतं. राधिका वही छातीशी धरून नावेत चढली.

आठवड्यानं ती परत जाऊन आली. पाणी अंड्यांच्या खाली दोन हातांवर थांबलं होतं. पिल्लं निघाली होती. पण ते वर्ष तिला वहीतून खोडावं लागलं.

अजून दिवाळीला तिचा फोन येतो. "आजी, आता तरी खरं सांगा. मी रागावणार नाही."

"मीच हलवली" म्हटलं तर तिचा जीव शांत होईल, हे मला कळतं. पण मी नाही हलवली. सासू गेल्यावर कोकराखाली लोकर घालायची ती रीत मीच तर बंद केली होती.