सिसेलची आई दोनदा वारली

अमेरिकेतल्या एफ्राइम गावात नाव पुकारून माणूस सापडत नसे. भर रस्त्यात "अँडर्स!" अशी हाक मारली की चार बैलगाड्या थांबत आणि कुंपणापलीकडून आणखी दोघे "काय रे?" म्हणून ओरडत. सगळेच डेन्मार्कहून आलेले मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती, आणि येताना नावं मात्र मोजकीच घेऊन आलेले. शेवटी गावाने टोपणनावांवर भागवलं. एक लोणी-अँडर्स, एक लंगडा अँडर्स आणि एक नुसता बघणारा अँडर्स. हा शेवटचा सिसेलचा नवरा.

तिला स्वतःला गाव अंडी-सिसेल म्हणे. शेजारच्या मँटायच्या टेकडीवर पंथाचं मंदिर उठत होतं. बायकांनी ठरवलं, रविवारी कोंबड्या जेवढी अंडी घालतील तेवढी मंदिराला. सिसेलची टोपली रविवारी शिगोशीग भरायची. शेजारीण मेटेची मात्र रिकामी.

"माझ्या कोंबड्या देवभीरू आहेत गं," मेटे सांगे. "विश्रांतीच्या दिवशी कामाला हात लावत नाहीत."

"आणि सोमवारी दुप्पट घालतात, तो चमत्कार काय?"

"भक्तीचं फळ!"

गावाने तिचं नाव सोमवार-मेटे ठेवलं. मेटेला त्याची लाज नव्हती, तिला लाज अशी कशाचीच नव्हती. छातीत खोकला घेऊन ती दिवसभर हसायची.

सिसेलच्या अंड्यांमागे मात्र कारण होतं. मंदिर पुरं झालं की तिथे मेलेल्यांच्या नावाने पाण्यात उतरता येणार होतं. ज्यांना जिवंतपणी पंथ पटला नाही, त्यांच्या वतीने पोराबाळांनी बुडी घ्यायची. पलीकडे ते कबूल झाले, की घर पुन्हा एक. सिसेलला तिची आई हवी होती.

एकोणीस वर्षांची असताना ती पंथात शिरून घर सोडून निघाली, तेव्हा आईने रान उठवलं होतं. "लहानपणी पाद्र्याने डोक्यावर पाणी घातलंय, तेवढं पुरे! थंड पाण्यात बुड्या मारून स्वर्ग मिळाला असता, तर आपली बदकं कधीच पोचली असती." निघायच्या दिवशी ती दारातसुद्धा आली नाही. बोटीवर सिसेलने गाठोडं सोडलं, तर आत राय धान्याची अख्खी भाकर निघाली, फडक्यात नीट बांधलेली. ती कितीतरी दिवस तिने मोडली नाही. शेवटी बुरशी धरली तेव्हा रडत रडत खाल्ली.

मग समुद्र, मग बैलगाडीमागून चालत तुडवलेलं माळरान, मग जमिनीत खणलेल्या खोलीतला पहिला हिवाळा. हे सगळं ती दर नव्या वर्षाला आईला लिहून कळवी. एका साली टोळांनी सगळा गहू फस्त केला, तेवढं मात्र लिहिलं नाही. "मी सांगितलं नव्हतं?" हे आई तिकडे म्हणाली असती तरी इकडे ऐकू आलं असतं. उत्तर कधीच आलं नाही. आईला लिहिता येत नव्हतं. शाळामास्तर वाचून दाखवी, पण मास्तरला सांगून उत्तर लिहून घेण्याइतका तिचा राग उतरला नव्हता.

मंदिर उघडलं त्याच वर्षी गावातला एक पोरगा डेन्मार्कात धर्मप्रचार करून परतला. सिसेलने त्याला आईची खबर आणायला सांगितलं होतं.

"सिस्टर सिसेल," तो टोपी हातात घेऊन म्हणाला, "कारेन मोर्टेन्सडाटर... गिरणीच्या गल्लीतली विधवा. गेल्या शरदात वारल्या."

सिसेलने रडून घेतलं. मग चांगला पोशाख काढला आणि मँटायला गेली. बारा लोखंडी बैलांच्या पाठीवर मोठा हौद होता. आईचं नाव उच्चारलं गेलं आणि ती पाण्याखाली गेली. वर आली ती हसत. घरी येताना गाडीत अँडर्सला म्हणाली, "पाणी कोमट होतं हो. आईला आता बोलायला जागा नाही."

अँडर्सने नुसतं बघितलं.

त्या नव्या वर्षाला तिने पत्र लिहिलं नाही. कोणाला लिहिणार? नंतरच्या वर्षांनाही नाही.

मग एका वसंतात आगगाडीने नवी माणसं आली. त्यांतली योहाने नावाची तरुण बाई नेमकी सिसेलच्या माहेरच्या गावची. मेटेच्या स्वयंपाकघरात तिला कॉफी देताना सिसेलने सहज विचारलं, "गिरणीच्या गल्लीतली कारेन आठवते का गं?"

"कोणती? दोघी होत्या ना. दोघीही विधवा, आणि विहिरीवरून रोज भांडायच्या. एक गेली, त्याला झाली काही वर्षं. दुसरी, ती केरसुणी घेऊन मॉर्मनांच्या मागे धावायची ती, तिला तर आम्ही निघण्याआधी पुरलं. याच हिवाळ्यात."

सिसेलच्या हातातली किटली तशीच राहिली. त्या पोराने दार का ठोठावलं नाही, लांबूनच कोणाला तरी विचारून का आला, हे तिला न विचारताच कळलं.

योहानेला काहीच माहीत नव्हतं. ती आपली सांगत सुटली. "बिचारी दर जानेवारीला मास्तराच्या दारात जाऊन बसायची. अमेरिकेत लेक होती म्हणे. पत्रं यायची बंद झाली, तरी दोन वर्षं जात राहिली. मग एक दिवस काळं नेसून पाद्र्याकडे गेली. म्हणाली, माझी पोर मेली, मयताची घंटा वाजवा. पाद्री तयार होईना. एवढी भांडली, की शेवटी वाजवली त्याने."

मेटेने योहानेच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

पंथाच्या बिशपने समजूत घातली. म्हणाला, चूक निस्तरता येते, पुन्हा एकदा पाण्यात उतरायचं. आधीची बुडी कदाचित त्या दुसऱ्या कारेनच्या खाती लागली असेल. "म्हणजे मी अंडी वेचली ती विहिरीवरच्या सटवीसाठी?" सिसेल म्हणाली, आणि क्षणभर तिला हसूही आलं. ती पुन्हा मँटायला गेली, पुन्हा उतरली. पाणी या वेळीही कोमटच होतं. वर आली ती न हसता.

तिच्या मनात वेगळंच काही घर करून बसलं होतं. रात्री अँडर्सला ती म्हणे, "अहो, ती मला मेली समजून गेली. तिकडे पोचल्यावर पहिलं मलाच शोधलं असेल. दारोदार विचारत फिरत असेल. आणि मी इथे कोंबड्यांना दाणे टाकतेय."

अँडर्स बघत राही. एकदाच म्हणाला, "शोधू दे. भांडण विसरली म्हणून तर शोधते." त्याने तिला बरं वाटलं नाही.

त्या शरदात मेटेचा खोकला छातीत बसला तो उठलाच नाही. सिसेल दिवसभर तिच्या उशाशी असे. एका दुपारी मेटेने डोळे उघडले. "किती दिवस तोंड मिटून बसशील? सांग की काय ते. मी आता जाणारच आहे, निरोप फुकट नेईन."

सिसेलने तिचा हात घट्ट धरला. "आई भेटली तर सांग, मी अजून यायचेय. शोधू नकोस म्हणावं. एका जागी बस."

"तिथे कारेन ढिगाने असतील गं. ओळखू कशी?"

"भांडत असेल ती."

"विहिरीवरून?"

सिसेलने मान डोलावली.

धापा टाकत मेटे म्हणाली, "आणि पत्रं का थांबली विचारलं तर?"

खिडकीबाहेर मेटेच्या कोंबड्या माती उकरत होत्या. त्यांच्याकडे बघत सिसेल म्हणाली, "टोळांचं सांग. सगळं टोळांनी खाल्लं म्हणावं. त्यावर ती चिडेल, पण तेवढं तिला पटेल."

मेटे रविवारी गेली. त्या दिवशी तिच्या कोंबड्यांनी घातलेली सगळी अंडी सिसेलने वेचली आणि एकही मागे न ठेवता मँटायच्या मंदिराला पोचवली.