उपासाला चालती का?

मला इंग्रजी वाचता येत होतं, हा माझा गुन्हा. आमचे हे दहावीला इंग्रजीतच अडकले होते, आणि सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, शाळेचं तोंडच पाहिलेलं नव्हतं. मी बारावी पास होऊन कुरुंद्याला नांदायला आले, तेव्हापासून फवारणीच्या डब्यापासून टीव्हीच्या कागदापर्यंत जे काही इंग्रजीत घरात यायचं, ते माझ्यापुढं यायचं. मला त्याचा गर्वही होता, खोटं कशाला बोलू.

धाकटा दीर अमेरिकेत नोकरीला गेला तो दोन हजार सालाच्या आगंमागं. दीर अमेरिकेत गेला की घरात संशोधन येतं. दर रविवारी फोन, आणि दर फोनला नवं काहीतरी. आईला तेल कमी द्या. आईला बदाम भिजवून द्या. आईला सकाळच्या उन्हात बसवा, म्हातारपणी हाडांना बरं असतं. जन्मभर हळदीच्या वावरात उन्हानं भाजून निघालेली बाई, तिला आता ऊन द्या म्हणे! मी पदर तोंडाला लावून हसले होते. पण त्याला उलट बोलायची सोय नव्हती. लांबचं लेकरू आईला जास्तच गोड लागतं.

एका दिवाळीला तो आला आणि जाताना एक मोठी बाटली ठेवून गेला. आत सोनेरी, आरपार दिसणाऱ्या, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या होत्या. "वहिनी, तिकडं वय झालेल्या माणसांना सगळे हेच सांगतात. हृदयाला चांगलं, गुडघ्यांना चांगलं, विसरभोळेपणाला पण चांगलं. नवीन रिसर्च आहे. रोज सकाळी एक द्या." बाटलीवर लाल हृदयाचं चित्र आणि मोठ्या अक्षरात 'ओमेगा'. मी तेवढंच वाचलं आणि मान डोलावली.

आत्याबाईंचे गुडघे खरोखरच गेले होते. एकादशीला देवळात बायकांचं भजन असायचं. देऊळ हाकेच्या अंतरावर, तरी वाटेत दोनदा टेकावं लागायचं. गळ्यात तुळशीची माळ, चाळीसेक वर्षांची. माळ पडल्यापासून आमच्या घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं. शेजारी कालवण शिजायला लागलं की त्या उठून खिडकी लावायच्या. गोळ्या-औषधांचा मनस्वी कंटाळा, पण तुळशीला पाणी घालून आल्या की माझ्यापुढं हात पसरायच्या. मी तळहातावर ठेवीन ते पाण्याबरोबर आत. "तुह्या हातचं हाय म्हून गिळते माय," म्हणायच्या. कशाची गोळी, काहून द्यायची, हे एका शब्दानं विचारायच्या नाहीत.

नवव्या दिवशी फळी पुसताना बाटली हातात फिरली आणि मागची बारीक अक्षरं दिसली. फिश ऑइल. खाली माशांची नावंही दिलेली होती. गोळीचं कवच कशाचं होतं तेही लिहिलं होतं, पण तिथवर मी वाचलंच नाही.

दुपारी हे जेवायला आले तेव्हा यांना सांगितलं. हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "गप ऱ्हा. आठ-नऊ गेल्या पोटात. आता सांगून काय काढून दाखवणार हायेस?" रविवारी दिराला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "अहो, ते औषध आहे, खाणं नाही. आणि आईला काय कळणार आहे?" आईला काय कळणार आहे, यावर दोन्ही भावांचं एकमत. मला कळत होतं, त्याचं काय करायचं ते कुणीच सांगेना. बोलावं तर पहिला सवाल मलाच, तू वाचलं न्हाईस का? न बोलावं तर रोज सकाळी तो हात पुढं यायचाच. आणि मी त्यावर गोळी ठेवत होते.

मग एकादशी आली. हात पसरला, गोळी तळहातावर पडली, आणि मूठ मिटण्याआधी आत्याबाई थांबल्या. "ही उपासाला चालती का गं?"

आमच्याकडं हा प्रश्न बाई ज्या माणसावर विश्वास टाकते त्यालाच विचारते. भगर चालते का, कोथिंबीर चालते का, समोरच्यानं हो म्हटलं की पाप त्याच्या डोक्यावर आणि खाणारी मोकळी. मला देवानंच दार उघडून दिलं होतं. "न्हाई चालत" म्हटलं असतं तर निदान त्या दिवशी तरी सुटले असते. पण हे दारात चपला घालत उभे होते, त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी म्हणाले, "चालती."

दोन महिन्यांत आत्याबाई न टेकता देवळात जायला लागल्या. सकाळच्या उन्हात बसल्यानं असेल, लेकानं पाठवलंय या भरवशानं असेल. हल्ली पेपरात वाचते की त्या तेलाचा वाटला होता तेवढा गुण नाही. तेव्हा मात्र त्या सगळ्या आळीला गुडघा वाकवून दाखवायच्या. त्यांचं चालणं बघून मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचा स्वतःचा राग यायचा. कधी कधी तर त्यांचाच राग यायचा. इतकं कसं माणसानं डोळे झाकून गिळावं?

गोळीनं त्यांना ढेकर यायचे. मासा कधी खाल्लेला नाही, त्यामुळं वास कशाचा हे त्यांना उमजत नव्हतं. "लोखंडावानी वास येऊन राहिला," म्हणायच्या. संक्रांतीच्या आधी बांगड्या भरायला भाबी आली. गावात तिच्या घराण्याचा बांगड्यांचा धंदा पिढ्यांचा, सगळ्या आळीची ती भाबी. माझा हात तिच्या हातात, आत्याबाई शेजारी बसलेल्या, आणि त्यांना ढेकर आला. भाबीचे हात थांबले. आत्याबाई पाणी प्यायला आत गेल्या तशी ती हळूच म्हणाली, "बहू, ये तो मच्छी है. अम्मा कू मालूम है?"

मी नाही अशी मान हलवली.

"हमकू कोई बिना बताए हराम खिला दे, तो?" ती एवढंच म्हणाली आणि बांगडी चढवली. एरवी तिचा हात लोण्यासारखा, त्या दिवशी बांगडी चढताना दुखलं. आत्याबाई बाहेर आल्यावर ती दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिली. तिनं माझं झाकलं, त्याचं मला जास्त लागलं.

तरीही मी बोलले नाही. बोलायला भाग पाडलं ते कॅलेंडरच्या कागदांनी. पुढच्या एकादशीला दुपारी आत्याबाई ओसरीवर बसून जुन्या कॅलेंडरच्या चतकोर कागदात गोळ्या बांधत होत्या. चार पुड्या. भजनातल्या चार जणींचे गुडघे दुखत होते, चौघी माळकरी. "माह्या सुनंनं वाचून सांगितलंय म्हणलं तेह्यला. उपासाला बी चालती."

मी पुड्या ओढून घेतल्या. म्हणाले, "आत्याबाई, ह्या देऊ नका. ह्यात माशाचं तेल हाय."

आधी त्या हसल्या. चेष्टा वाटली असावी. मग माझं तोंड पाहून त्यांचं तोंड उतरलं.

"कुणी सांगितलं?"

"बाटलीवर लिवलंय. भाबीनं तर वासावरूनच वळखलं. तिनं मला टोकलं बी."

"कवापून ठावं हाय तुला?"

"नवव्या दिवसापून."

"अन् मी ईचारलं तवा? एकादशीला?"

"तवा बी ठावं होतं."

मला वाटलं होतं त्या रडतील, शिव्या देतील, लेकाला फोन लावायला सांगतील. त्यांनी गळ्यातली माळ काढली आणि मुठीत धरली. "मासा माह्या पोटात गेला, ते मी देवाला सांगीन. न कळता गेला म्हणीन. पर तू चालती म्हणलीस, ते कुणाला सांगू?"

माळ चार एकादश्या देव्हाऱ्यात राहिली. मग महाराजांच्या हातून पुन्हा गळ्यात पडली. गोळ्या मी उकिरड्यात पुरल्या. गुडघे पुन्हा धरले. दिरानं आईची माफी मागितली, त्याला त्यांनी तिथल्या तिथं माफ केलं. यांना तर कुणी काही विचारलंच नाही. माझ्या हातचं जेवण त्या जेवत होत्या, माझ्याशी बोलतही होत्या, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही बिघडलंय असं वाटलं नसतं. फक्त सकाळी माझ्यापुढं हात येईनासा झाला.

उन्हाळ्यात वसमतच्या डॉक्टरांनी त्यांना कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. मी दुकानात उभी राहून डबीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं, हिरवा ठिपका बघितला, दुकानदाराला दोनदा विचारलं. घरी आल्यावर सांगितलं, "आत्याबाई, बिनघोर घ्या, म्या समदं वाचलंय." त्यांनी डबी घेतली, ओच्यात ठेवली आणि उठून भाबीच्या घराकडं निघाल्या. वाटेत दोनदा टेकल्या. मी मागं मागं गेले.

भाबीनं डबी उघडून वास घेतला. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं डबी माझ्या हातात दिली. मी पुन्हा सगळं मोठ्यानं वाचलं, मराठीत सांगितलं. आत्याबाई माझ्यापासून दोन हातांवर बसलेल्या होत्या, पण बघत होत्या भाबीच्या तोंडाकडं. भाबीनं माझ्याकडं पाहिलं, मी मान डोलावली.

"खाओ अम्मा," भाबी म्हणाली, "कुछ नै इसमें."

"उपासाला चालती का?"

"चलती है."

आत्याबाईंनी गोळी तोंडात टाकली आणि भाबीच्या पेल्यातलं पाणी प्यायल्या. पुढं त्या आठ वर्षं जगल्या. प्रत्येक नवी डबी मीच आणली, मीच वाचली, आणि मग आम्ही तिघी भाबीच्या ओट्यावर बसायचो.