इस्त्री मारलेलं छप्पर

कोणतीही वस्तू आधी दुमडून बघावी, मगच तिच्याविषयी मत द्यावं, असं मानणारा माणूस अख्ख्या बंगळुरात एकच होता, आणि तो आम्हाला इमारती बांधायला शिकवत असे. सरांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी शब्द सहज येत. मी निपाणीकडचा, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. आमच्याकडे कागदाला पाय लागला तर नमस्कार करतात. सर मात्र हाती पडेल त्या कागदाला घड्या घालत. लग्नपत्रिकेचा पक्षी होई आणि मग लग्न कधी आहे हे बघायला तो उलगडावा लागे. एकदा येलहंक्याच्या बसमध्ये तपासनिसाने तिकीट मागितलं, तर सरांनी त्याच्या तळहातावर बेडूक ठेवला. "तिकीटच आहे. पाठीवर स्वल्प दाबा." दाबताच तिकीट उडी मारून एका बाईंच्या भाजीच्या पिशवीत गेलं. सरांना दुसरं काढावं लागलं. त्याचाही त्यांनी बेडूकच केला.

पण हा पोरखेळ नव्हता, असं मला वाटतं. वर्गात ते दोन विटांवर सपाट कागद टाकत आणि त्यावर डस्टर ठेवत. कागद लगेच खाली बसे. मग त्याच कागदाला पेटीच्या भात्यासारख्या घड्या घालत, आणि आता तो कागद डस्टर आरामात पेलून धरी. "ताकद हवी म्हणून जाडी वाढवायची, हा आळस! घडी घाला!" कळीतली पाकळी बघा म्हणत, भुंग्याचे पंख बघा म्हणत. "उद्या आभाळात मोठमोठी यंत्रं पाठवतील ना, तीसुद्धा दुमडूनच न्यावी लागतील." यावर हसावं की लिहून घ्यावं हे मला कळत नसे. मी दोन्ही करी.

कॉलेजच्या नव्या कार्यशाळेचं काँक्रीटचं छप्पर असंच घड्यांचं करू, असं सरांनी सुचवलं तेव्हा विभागप्रमुख चिडले. "समितीपुढे पटवून द्या. नाहीतर उद्यापासून वर्गात कागदाची खेळणी बंद."

"सरी," सरांनी कानडीत होकार दिला. "पण पटलं, तर खेळणी म्हणायचं बंद."

समितीच्या बैठकीच्या सकाळी छपराचा नमुना न्यायला मी सरांच्या घरी गेलो. दारातच अक्का, म्हणजे सरांच्या पत्नी, खूश होऊन उभ्या. चिकपेटेच्या बाजारातून आणलेल्या मोठ्या जाड कागदाला सरांनी घातलेल्या सगळ्या घड्यांवर त्यांनी कोळशाची इस्त्री फिरवली होती. "साहेबांसमोर असला चुरगळलेला कागद न्यायचा? लाज नाही वाटत?" घड्या गेल्या म्हणजे नमुनाच गेला, असं मला वाटलं. सरांनी कागदाची सुरळी केली. "चल. हिनं काम सोपं केलं."

समितीपुढे त्यांनी तो सपाट कागद दोन विटांवर टाकला आणि वर डस्टर ठेवला. सगळंच खाली आलं. प्रमुख हसले. "हेच का तुमचं छप्पर?"

"नाही, हे तुमचं. माझं आता बघा." सरांनी दोन्ही कडा हलकेच आत दाबल्या. इस्त्रीखाली झोपलेल्या घड्या एकामागून एक उठून उभ्या राहिल्या. वर डस्टर बसला, पितळी तांब्या बसला, शेवटी प्रमुखांनीच लिहिलेलं जाडजूड पुस्तक बसलं. "इस्त्रीनं घडी मरते असं वाटणाऱ्यांनी कागद ओळखलेलाच नाही."

समितीनं कार्यशाळा काही दिली नाही, सायकल-स्टँड दिला. "सरी. आधी सायकली, मग माणसं," म्हणत सरांनी तो बांधला. वर्गातला कागदही कुणी बंद केला नाही.

परवा तिथून गेलो, तर स्टँड तसाच उभा होता. सर मात्र आता नाहीत. अक्कांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी कपाटातून तो कागद काढला. पुन्हा इस्त्री मारून, नीट सपाट ठेवलेला. मी भीत भीत कडा दाबल्या. कागद घड्याघड्यांनी उभा राहिला.

अक्कांनी एका उभ्या घडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बघ. अजून ऐकत नाहीत."