वाळुंजाच्या खुंटापुढे

सोळाव्या वर्षी मी स्वतःला फार हुशार समजत असे. सासरी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. घरामागं धुणं वाळत घालायच्या वलणीची दांडी मोडली. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं बाजारातून बांबू आणला असता. पण तेवढी वाट कोण बघणार? मी कोयता घेतला आणि पाणथळीतून दंडाएवढं जाड, सरळसोट वाळुंजाचं झाड तोडून आणलं.

वडवणीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याला झरे फुटतात, तिथली ही पाणथळ. निजाम सरकारनं राखलेली. आतली काडी कुणी मोडायची नाही असा हुकूम, आणि राखणदार माझे सासरे. तोडलेलं झाड सापडलं की आधी त्यांचीच नोकरी जायची. मला हे ठाऊक होतं. पण राखणदाराच्या सुनेला कोण विचारतंय, हे माझं शहाणपण.

चौथ्या दिवशी औरंगाबादहून फोटोवाला आला. सरकारला इथल्या एकेका झाडाझुडपाचा फोटो हवा होता. नवरा गावाला गेलेला, म्हणून फोटो उमटवायच्या काचांची पेटी माझ्या डोक्यावर. सासरे पुढं काठीनं घट्ट जमीन चाचपत चाललेले. करंज झाला, पाणकणसं झाली, जांभूळ झालं. मग फोटोवाल्यानं आपली तीन पायांची घोडी वाळुंजांकडं वळवली.

माझा खुंट तिथंच होता. गुडघ्याच्या खाली, पांढराफटक, लांबून दिसेल असा.

मी पेटी कोरड्यात ठेवली, तडक जाऊन खुंटापुढं उभी राहिले आणि लुगड्याचा घोळ पसरला.

"हे बरं केलं बाईनं," फोटोवाला म्हणाला. "झाडाची उंची कळंल. आता हलू नका."

त्यानं काळ्या कापडात डोकं घातलं. ऊन ढगाआड गेलं, तो बाहेर आला. ऊन आलं, तो आत गेला. इकडं माझे पाय चाललेले खाली. घोटे बुडाले, मग पोटऱ्या. पोटरीला काहीतरी चिकटलं, ते जळूच असणार. ओरडायची सोय नव्हती. सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं नसतं. सासरेही माझ्याशी बोलत नसत. जे सांगायचं ते काठीला सांगत.

"काठे, तिला म्हणावं पाय हलीव. गाळ धरतोय."

"कुणाशी बोलताय?" फोटोवाल्यानं विचारलं.

"काठीशी. सुनेशी बोलत न्हाई आमी."

"आन् काठी सांगती तिला?"

"सांगती की."

एक काच झाली, दुसरी झाली. "आता शेवटची," फोटोवाला म्हणाला. "निस्तं झाड पायजे. बाई, सरका."

मी जागची हलले नाही.

"ऐकू येत न्हाई का हिला?"

"नवी हाय. लाजती," सासरे म्हणाले.

"लाजू द्या, पण बाजूला जाऊन."

हलावं तर खुंट उघडा पडणार. न हलावं तर कुठवर? शिवाय पाय आता माझे राहिलेच नव्हते, गुडघ्यापर्यंत गाळानं धरलेले. सासऱ्यांनी जवळ येऊन काठीचं टोक पुढं केलं. फोटोवाला पाठमोरा होऊन काच बसवत होता. मी काठी धरली, त्यांनी ओढलं, मी निघाले, आणि माझ्याबरोबर खुंटावरचं लुगडंही निघालं.

सासऱ्यांनी खुंट बघितला. मग वर्षात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. मीही खुंटाकडं असं बघितलं, जणू तो आत्ताच उगवलाय. केवढी मी हुशार.

त्यांनी खोचलेलं धोतर सोडलं आणि माझ्या पायांनी पडलेल्या दोन खड्ड्यांत जाऊन उभे राहिले.

"सायेब, राखणदार बी येऊ द्या की फोटोत."

"अहो, निस्तं झाड म्हणलं ना."

"राखलं कुणी, ते नगं का दिसाया?"

फोटोवाला कुरकुरला, पण ऊन चाललं होतं. त्यानं तसाच फोटो काढला.

वाटेत सासरे काठीशीही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी चिखलानं काळं झालेलं धोतर स्वतः धुतलं. ते काम माझं होतं, पण मागायला तोंड कुठं होतं? मी पदर ओढून मागच्या दारात उभी. त्यांनी नव्या दांडीवर धोतर पसरलं, दांडी दोन्ही हातांनी दाबून बघितली. मग भिंतीला टेकलेल्या काठीकडं वळले.

"काठे, कोयता कुठं ठेवलाय, विचार तिला."

मी कोयता आणून उंबऱ्यावर ठेवला. तो पुढं कायम त्यांच्या उशाशी राहिला. भाजीला दोडका तोडायचा तरी काठीमार्फत मागावा लागे.