रंजनाच्या पेटीचं कुलूप

दशरथभाऊ गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. वसतिगृहाच्या जुन्या ग्रुपवर सचिवसाहेबांनी त्यांचा फोटो टाकला होता. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली ‘देवमाणूस हरपला’. त्याखाली जोडलेल्या हातांची रांगच रांग. माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! ज्या माणसाला याच लोकांनी लाखांदूरच्या स्टँडवरून उठवलं, ज्याला दारात उभं करायला तयार नव्हते, तो मेल्याबरोबर देवमाणूस? मी फोन पलंगावर फेकला. थोड्या वेळाने पुन्हा उघडला, तर त्या रांगेत सगळ्यांत वर माझेच जोडलेले हात. बातमी वाचली न वाचली तोच टाकून मोकळी झाले होते मी. त्याला आता महिना होऊन गेला. रोज लिहायला बसते आणि उठते... आज उठायचं नाही असं ठरवलंय.

दशरथभाऊ म्हणजे चावीवाले. दिघोरीहून रोज पहिल्या एसटीने यायचे आणि स्टँडबाहेर कडुनिंबाखाली पोतं अंथरून बसायचे. समोर कानशी, कोऱ्या चाव्या, वाकवलेल्या तारा. मी तेव्हा तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. साठ मुली, साठ लोखंडी पेट्या, आणि आठवड्यातून एकीची तरी चावी हरवलेली. मग दशरथभाऊंना बोलावणं जायचं. त्यांची एक पद्धत होती. कुलपाला तार लावण्याआधी ते पेटीच्या मालकिणीला म्हणायचे, “कुलपावर हात ठेव मा, आन आत काय हाय ते सांग.” एखादी लाजत म्हणायची आरसा, एखादी डिंकाचे लाडू. कुलूप निघालं की ते पाठ करून उभे राहायचे. झाकण तिने स्वतः उघडायचं आणि सांगितलेली वस्तू दाखवायची. वस्तू निघाली नाही तर कुलूप परत लावून निघून जाणार, मग समोर कुणी का असेना.

एकदा माझ्याच खोलीची चावी आत राहिली. उन्हाने जीव चाललेला, आणि हे शांतपणे म्हणतात, “हात ठेवा, मॅडम. आत काय हाय?”

“अहो, माझीच खोली आहे ना!” मी खेकसलेच.

“तुमचीच हाय जी. कोन नाई म्हनते? सांगा तरी.”

“खाटेवर ओली साडी आहे. झालं समाधान?”

झालं त्यांचं समाधान. दोन तारा आत गेल्या, त्यांनी डोळे मिटले, आणि माझं पदराने वारं घेणं संपायच्या आत कुलूप हातात. मला तर भूलच पडली. चाळिशी ओलांडलेली बाई मी, आयुष्यभर हजेरीपट आणि जेवणाची पाळी यांत गेलेली. असं काही आपल्यालाही यावं असं फार वर्षांनी वाटलं.

“मला शिकवा,” मी म्हटलं.

“कायले जी?”

“उगाच.”

हे ‘उगाच’ त्यांना पटलं. पोरींच्या पेट्यांसाठी म्हटलं असतं तर त्यांनी शिकवलं नसतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. “पोरींले मालूम नाई पडलं पाह्यजे. मॅडमले कुलूप उघडता येते म्हटलं त त्याईनं कुलूप लावाचंच कायले? चावी हरपली त मलेच बोलवाचं.” मी हो म्हटलं, अगदी तोंड भरून.

मग रविवारी एसटीने दिघोरी. मैत्रिणीकडे जाते असं वसतिगृहात सांगायचं. त्यांच्या पडवीत खाली बसायचं, यमुनाबाई, म्हणजे त्यांची बायको, काळा चहा आणून ठेवायच्या आणि मला ‘शिष्यीन’ म्हणून चिडवायच्या. पहिल्याच दिवशी दशरथभाऊंनी एक कुलूप फोडून आतलं दाखवलं. पितळेच्या चपट्या पट्ट्या एकावर एक, प्रत्येकीला स्प्रिंग. चावी त्या सगळ्यांना एकाच वेळी हव्या तेवढ्या उचलते, एवढंच काय ते गुपित. चावी नसली तर एका तारेने हलका दाब धरून ठेवायचा आणि दुसरीने एकेक पट्टी चाचपत उचलायची. ऐकायला किती सोपं! पहिल्या महिन्यात मी इतक्या तारा मोडल्या की विचारू नका. “जोर कायले करून राहिले? भांडन हाय का त्याच्यासंग?” ते हसायचे. माझा दाब जास्त, तार घसरायची, आणि चावीच्या भोकाभोवती पितळेवर बारीक ओरखडे उठायचे. ते कुलूप उन्हात धरून मला दाखवायचे. “हे पाहा, नवशिक्याची सही. माझ्या हातचं कुलूप पाहा, हाय का एक तरी रेघ?” नसायची. पावसाळा सरता सरता माझ्या हातून पहिलं कुलूप निघालं. खट् असा आवाज झाला आणि मी लहान पोरीसारखी टाळ्या पिटल्या. त्यांनी मात्र विचारलं, “हात ठेवला होता का आधी? सांगतलं का आत काय हाय?” रिकामं कुलूप, त्याच्यात काय असणार डोंबल! मी हसण्यावारी नेलं. तेवढंच शिकायचं राहिलं माझं.

रंजना बारावी झालेली, हुशार, नर्सिंगला जायचं म्हणून हट्टाला पेटलेली. त्या दिवशी ती कॉलेजात प्रवेशाची चौकशी करायला गेली होती आणि तिचे वडील आले. भला दिसणारा माणूस, हातात पिशवी. पोरीचा दाखला आणि मार्कशीट शिष्यवृत्तीच्या कामासाठी आजच हवी, म्हणाले, आणि चावी तिच्याजवळ. दशरथभाऊ सकाळीच दुसऱ्या एका मुलीची पेटी उघडून गेले होते, त्यांना परत बोलावता आलं असतं. पण ते नसतेच आले, मुलगी नाही म्हटल्यावर. खरं सांगू? शिष्यवृत्तीची मला काही पडली नव्हती. मला ते करून बघायचं होतं. खऱ्या पेटीचं खरं कुलूप. कपाटातून तारा काढल्या, रंजनाच्या खोलीत गेले, वडिलांना बाहेर उभं केलं. त्या कुलपावर तिने लाल नेलपॉलिशने ‘रं’ काढलेलं होतं. चार वेळा तार घसरली, पण निघालं. मी ऐटीत म्हटलं, “घ्या काय घ्यायचं ते.” हात कुणाचा कुलपावर, आत काय... काही काही विचारलं नाही.

संध्याकाळी रंजनाचं रडणं सगळ्या वसतिगृहाने ऐकलं. बापाने तिचं लग्न ठरवलं होतं आणि ही कागदपत्रं तिने त्याच्यापासूनच लपवून पेटीत ठेवली होती. प्रवेशाचे दोन दिवस उरलेले. बाप येऊन गेल्याचं पोरींनी पाहिलं होतं, पण आता तो फोन उचलेना. कुलूप तर शाबूत. न फोडता उघडणारा माणूस सगळ्यांना एकच माहीत, आणि सकाळी तो आवारात येऊन गेलेला. दुसऱ्या दिवशी वसतिगृहाच्या समितीने दशरथभाऊंना बोलावलं. सचिवसाहेब तावातावाने बोलत होते, मी टेबलाच्या कडेला इतिवृत्त लिहीत बसले होते. हो, इतिवृत्तही मीच लिहिलं!

दशरथभाऊंनी कुलूप हातात घेतलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि बराच वेळ पाहत राहिले. माझं पेन थांबलं. त्यांनी ते ओरखडे दाखवून एवढंच म्हणायचं होतं, की हा माझा हात नाही. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. तेवढ्यात रंजनाच पुढे आली. “भाऊ, मले त दरखेपी इचारत होते, आत काय हाय म्हनून. माझ्या बापाले काहून नाई इचारलं?” त्यांनी मान खाली घातली. “चुकलं मा,” एवढंच म्हणाले. मग सचिवांकडे वळून, “कुलूप बाद झालं जी. घेऊन जातो.” कुणाला काय त्याचं! न्या म्हणाले.

तेव्हा तरी मी उठायचं होतं. माझी नोकरी गेली असती, फार तर बेअब्रू झाली असती. रंजनाचा बाप कधी बोलेल म्हणून मी कित्येक दिवस धास्तावलेली होते. पण त्याला बोलायची गरजच पडली नाही, त्याचं काम झालं होतं. रंजनाचं लग्न झालं. ती आता तुमसरला कुठल्याशा राइस मिलमध्ये कामाला जाते म्हणे. स्टँडवर लोक दशरथभाऊंना ऐकू जाईल असं बोलायला लागले, मग कडुनिंबाखाली पोतं दिसेनासं झालं. एकदा एसटीच्या खिडकीतून ते मला बांधीत, भाताच्या शेतात, दिसले. वाकून चिखलात पऱ्हे, भाताची रोपं, रोवत होते. ज्या बोटांना पितळेतली पट्टी हलल्याचं कळायचं, ती बोटं... गाडी पुढे गेली. मी उतरले नाही. ते काम माझं, हे त्यांना कळलं होतं की नाही, याच प्रश्नाला मी इतकी वर्षं धरून बसले होते, कारण कळलं नसेल तर मला जरा बरं वाटायचं.

गेल्या आठवड्यात दिघोरीला गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, यमुनाबाई सांगत होत्या. सामानाचा पत्र्याचा डबा त्यांनी पुढे सरकवला. त्याला कुलूप, आणि चावी सापडत नाही. “तुमीच उघडा. त्याईची शिष्यीन तुमी.” मी म्हटलं, हात ठेवा, आत काय आहे ते सांगा. त्यांनी डोळे पुसत हात ठेवला. “काय असन? कानशी असन.” कुलूप निघाल्यावर मी पाठ केली. झाकण त्यांनी उघडलं. कानशी होत्याच. त्यांच्याखाली धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेलं एक कुलूप होतं, त्यावर लाल ‘रं’, आणि भोकाभोवती माझे ओरखडे.

“हे कोनाचं व बाई? काहून ठेवलं असन एवढं जपून?” यमुनाबाईंनी विचारलं. आणि मी, निर्लज्ज, काय म्हणाले? “असेल कुणाचं जुनं.” त्यांनी ते माझ्याच हातात दिलं. तुमच्या कामाचं आहे, म्हणाल्या.

ते आता माझ्या टेबलावर आहे. यमुनाबाईंना वाचता येत नाही, पण सून त्यांना रविवारची पुरवणी वाचून दाखवते, म्हणून हे इथेच पाठवते आहे. यमुनाबाई, मी कुलपावर हात ठेवलाय आणि आत काय आहे ते सांगते. रंजनाची पेटी मी उघडली. तुमच्या नवऱ्याने त्या दिवशी त्या पेटीला हातही लावला नव्हता.